पहिला कॅमेरा: अंधार, अंतर आणि ओल यांचा हिशेब

नवशिक्यांसाठीचे डिजिटल कॅमेरे मुख्यतः तीन प्रकारचे असतात: आतल्या आरशावर चालणारा डीएसएलआर, आरसा काढून टाकलेला मिररलेस, आणि लेन्स कायमची जोडलेला, लांब झूमचा ब्रिज कॅमेरा. तिन्हींच्या खोक्यांवर मेगापिक्सेलचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि पहिल्यांदा कॅमेरा घेणारा माणूस बहुधा तोच आकडा पाहून निर्णय घेतो. प्रत्यक्षात या वर्गातील बहुतेक कॅमेऱ्यांत हा आकडा 16 ते 24च्या दरम्यान असतो आणि रोजच्या कामासाठी त्यातला फरक जाणवत नाही. फरक पडतो तो कमी उजेडात, लांबच्या विषयावर आणि दमट हवेत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत या तिन्ही गोष्टी रोजच्याच आहेत. त्यामुळे इथल्या नवशिक्याने पहिला कॅमेरा कसा निवडावा, याचे उत्तरही त्यांतूनच काढावे लागते.

आधी विषय, मग कॅमेरा

या भागात फोटोला विषयांची वाण नाही. आसनगावजवळचा माहुली किल्ला, मुरबाडकडचे गोरखगड आणि सिद्धगड, वैशाखऱ्याहून चढत जाणारा नाणेघाट आणि पावसाळ्यात धबधब्यांनी भरून जाणारा माळशेज घाट हे निसर्गदृश्यांचे विषय. तानसा, भातसा आणि बारवी या धरणांभोवतीच्या रानात पक्षी आणि फुलपाखरे. पौष पौर्णिमेला सुरू होणारी म्हसा गावची यात्रा तिच्या गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. जूनमधली पेरणी, जुलैतली भातलावणी, दिवाळीच्या सुमाराची कापणी आणि मळणी, आदिवासी पाड्यांवरचा तारपा, उन्हाळ्यातली लग्ने आणि त्यांच्या आदल्या रात्रीची हळद हे माणसांचे विषय.

फोटोच्या दृष्टीने या विषयांचे चार गट पडतात. किल्ले, घाट आणि शेते यांना रुंद दृश्य टिपणारी लेन्स लागते आणि उजेड बहुधा पुरेसा असतो. पक्ष्यांना लांब पल्ल्याची लेन्स आणि वेगवान शटर लागते. हळद, जागरण आणि रात्रीची मिरवणूक यांना कमी उजेडात काम करणारी लेन्स लागते. रील आणि यूट्यूबसाठी व्हिडिओ करणाऱ्याला आवाज नीट टिपण्याची सोय आणि हलत्या माणसावर टिकणारा फोकस लागतो. एकच स्वस्त कॅमेरा हे चारही सारख्याच ताकदीने करत नाही. म्हणून वर्षभरात यांपैकी कोणते काम सर्वाधिक होणार आहे, हे दुकानात जाण्याआधी ठरवावे. फोटो फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील आणि विषय दिवसाउजेडीचे असतील, तर चांगला मोबाइल पुरेसा आहे. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो आक्रसून टाकते, त्यामुळे महागड्या कॅमेऱ्याचा बारीक तपशील तिथे पोचतच नाही.

मेगापिक्सेल आणि सेन्सर

24 मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे 6000 आणि उभे 4000 बिंदू असतात. इंचाला 300 बिंदू या छपाईच्या नेहमीच्या हिशेबाने त्याची सुमारे 20 बाय 13 इंचांची स्वच्छ प्रत निघते. ए-फोर कागदावर छापायला जेमतेम 9 मेगापिक्सेल लागतात. लग्नाच्या अल्बमचे मोठे पानही 24 मेगापिक्सेलमध्ये आरामात बसते. मेगापिक्सेलची गरज इथे संपते.

त्याहून महत्त्वाचा असतो सेन्सर, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड झेलणारी चिप. नवशिक्यांच्या डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. कॅननमध्ये तो सुमारे 22.3 बाय 14.9 मिलिमीटरचा, तर निकॉन आणि सोनीमध्ये सुमारे 23.5 बाय 15.6 मिलिमीटरचा. लांब झूमच्या बहुतेक ब्रिज कॅमेऱ्यांत सेन्सर साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटर इतकाच असतो. क्षेत्रफळात ही तफावत जवळजवळ बारा पटींची आहे. सेन्सर मोठा असला की त्याच उजेडात, त्याच शटरवेगाला एकूण जास्त प्रकाश गोळा होतो आणि अंधारातल्या फोटोत दिसणारे रंगीत दाणे कमी होतात. हळदीच्या मांडवातले पिवळे बल्ब असोत की पहाटेचा धूसर उजेड, एपीएस-सी आणि लहान सेन्सर यांतला फरक तिथे उघड्या डोळ्यांना दिसतो. दुपारच्या उन्हात मात्र तो फार थोडा राहतो.

डीएसएलआर: स्वस्त, टिकाऊ, पण मागे पडत चाललेला

डीएसएलआरमध्ये लेन्सकडून आलेला उजेड आरशावर पडून वरच्या काचेच्या खिडकीत जातो. डोळा लावल्यावर समोरचे दृश्य जसेच्या तसे दिसते आणि त्यासाठी वीज लागत नाही, त्यामुळे बॅटरी खूप टिकते. निकॉन डी3500 (2018) एका चार्जवर ठरावीक चाचणीनुसार 1550 फोटो देतो. बॅटरी आणि कार्डासह त्याचे वजन सुमारे 415 ग्रॅम. त्याला 11 फोकसबिंदू आहेत आणि सेकंदाला 5 फोटो निघतात. त्यातला 'गाइड' मोड नवशिक्याला पायरीपायरीने सेटिंग समजावतो. कॅनन ईओएस 1500डी हाही 2018चाच, 24.1 मेगापिक्सेलचा. त्याला 9 फोकसबिंदू, सेकंदाला 3 फोटो, एका चार्जवर सुमारे 500 फोटो आणि 475 ग्रॅम वजन. त्याच वेळी आलेला ईओएस 3000डी आणखी स्वस्त असला तरी त्यात बरीच काटकसर आहे: 18 मेगापिक्सेल, 2.7 इंचांचा लहान पडदा, आणि लेन्स बसवण्याची कडी धातूऐवजी प्लास्टिकची. थोडी पदरमोड करता येत असेल तर 1500डी बरा. कॅनन ईओएस 200डी मार्क टू (2019) या तिघांपेक्षा पुढचा. त्याचा पडदा बाजूला उघडून फिरवता येतो, स्पर्शाने फोकस करता येतो आणि बॅटरी सुमारे 1070 फोटो पुरते.

डी3500 आणि 1500डी यांच्या उणिवाही सांगायला हव्यात. दोघांनाही बाहेरचा मायक्रोफोन जोडायची जागा नाही आणि पडद्यावर पाहून व्हिडिओ करताना फोकस अडखळतो. त्यामुळे तारपा किंवा भजनाचा व्हिडिओ नीट टिपायचा असेल, तर हे कॅमेरे योग्य नाहीत. डी3500मध्ये वायफाय नाही. मोबाइलवर तो ब्लूटूथने फोटो पाठवतो, तेही आपोआप 2 मेगापिक्सेलचे. 1500डीमध्ये वायफाय आहे. डी3500च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे त्याला एएफ-एस किंवा एएफ-पी या लेन्सच घ्याव्या लागतात. जुन्या निकॉन लेन्सवर हाताने फोकस करावा लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. निकॉनने 2022च्या सुमारास डी3500 आणि डी5600 यांचे उत्पादन बंद केले आणि कॅनन, निकॉन आणि सोनी या तिन्ही कंपन्यांनी नव्या कामाचा भर मिररलेसवर ठेवला आहे. डीएसएलआरच्या नव्या लेन्स आता जवळजवळ येत नाहीत. जुन्या लेन्स मात्र भरपूर आहेत आणि सेकंडहँड बाजारात स्वस्तही मिळतात. म्हणून मर्यादित पैशांत शिकायचे असेल, तर डीएसएलआर अजूनही वाईट नाही. वाढत्या गरजेप्रमाणे पुढे दहा वर्षे लेन्स जमवत जाण्याचा बेत असेल, तर तो रस्ता अरुंद होत चालला आहे.

मिररलेस: हलका, जलद, विजेचा भुकेला

मिररलेसमध्ये आरसा नसतो. सेन्सर जे पाहतो तेच पडद्यावर किंवा छोट्या इलेक्ट्रॉनिक खिडकीत दिसते. उजेड कमी-जास्त केल्यावर फोटो कसा येईल, हे बटण दाबण्याआधीच दिसते. नवशिक्यासाठी हा सर्वांत मोठा फायदा आहे.

कॅनन ईओएस आर50 (2023) हा 24.2 मेगापिक्सेलचा कॅमेरा बॅटरी आणि कार्डासह सुमारे 375 ग्रॅमचा आहे. माणूस, प्राणी, पक्षी आणि वाहने तो स्वतः ओळखून त्यांवर फोकस धरून ठेवतो. 4के व्हिडिओ, मायक्रोफोनची जागा, फिरणारा पडदा आणि डोळा लावायची खिडकी हे सगळे त्यात आहे. त्याच वर्षीचा ईओएस आर100 सुमारे 356 ग्रॅमचा आणि स्वस्त. त्याचा पडदा मात्र हलत नाही आणि स्पर्शालाही प्रतिसाद देत नाही, आणि 4के व्हिडिओत दृश्याच्या कडा कापल्या जातात. फोटोसाठी तो ठीक आहे, व्हिडिओसाठी आर50 बराच पुढे आहे.

निकॉन झेड30 (2022) 20.9 मेगापिक्सेलचा, 405 ग्रॅमचा आणि सोनी झेडव्ही-ई10 (2021) 24.2 मेगापिक्सेलचा, 343 ग्रॅमचा. हे दोन्ही व्हिडिओ करणाऱ्यांना समोर ठेवून बनवले आहेत. दोघांनाही मायक्रोफोन जोडता येतो, दोघांनाही बाजूला उघडणारा पडदा आहे. पण दोघांनाही डोळा लावायची खिडकी नाही आणि अंगचा फ्लॅशही नाही. एप्रिल-मेच्या दुपारी, लख्ख उन्हात मागचा पडदा नीट दिसत नाही आणि किल्ल्याच्या माथ्यावर सावली शोधावी लागते. ज्याचे काम बहुतांश उघड्यावर आहे, त्याने खिडकी असलेला कॅमेराच घ्यावा. कॅननच्या आर100 आणि आर50 यांत खिडकी आणि फ्लॅश दोन्ही आहेत.

मिररलेसची दुखरी बाजू बॅटरी. झेड30 एका चार्जवर सुमारे 330, तर झेडव्ही-ई10 सुमारे 440 फोटो देतो. लग्नाच्या दिवशी हे दुपारपर्यंत संपतात. ज्या गावांत वीज ये-जा करते, तिथे जादा बॅटरी घेतल्याशिवाय मिररलेसचा संसार चालत नाही. त्याची थोडी भरपाई अशी की झेड30 आणि झेडव्ही-ई10 यूएसबीने पॉवरबँकेवर चार्ज होतात. आर50लाही त्यासाठी योग्य प्रकारची पॉवरबँक चालते. माहुलीवर मुक्कामाला गेलेल्या माणसाला ही सोय उपयोगी पडते. 1500डी किंवा डी3500ची बॅटरी मात्र बाहेर काढून वेगळ्या चार्जरमध्येच लावावी लागते.

ब्रिज कॅमेरा: झाडाच्या शेंड्यावरच्या पक्ष्यासाठी

तानसा अभयारण्यातला एक प्रसंग लांब झूमची गरज समजावून सांगतो. रानपिंगळा हा जेमतेम 23 सेंटिमीटरचा, भारतापलीकडे कुठेही न आढळणारा घुबडाच्या कुळातला पक्षी. 1884 नंतर तो कुणाला खात्रीने दिसला नव्हता. 113 वर्षांनी, 1997मध्ये तो तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात पुन्हा सापडला आणि 2014मध्ये शहापूरजवळच्या तानसाच्या जंगलातही त्याची नोंद झाली. एवढा लहान पक्षी उंच सागाच्या फांदीवर बसलेला असेल, तर मोबाइलमध्ये तो ठिपक्याएवढा उमटतो. ओळख पटवण्यासाठी डोके आणि छातीवरचे, शेपटीवरचे पट्टे स्पष्ट दिसावे लागतात.

निकॉन कूलपिक्स पी950 (2020) या ब्रिज कॅमेऱ्याचा झूम 83 पटींचा आहे. फोटोच्या भाषेत 24 ते 2000 मिलिमीटर. त्याहून लांब पल्ल्याचा पी1000 (2018) 125 पटींचा, 3000 मिलिमीटरपर्यंत जाणारा, पण तो जवळजवळ दीड किलोचा आहे. कॅननचा पॉवरशॉट एसएक्स70 एचएस 65 पटींचा, 610 ग्रॅमचा. एवढा पल्ला बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यावर गाठायला कॅमेऱ्याच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे लागतात. ब्रिज कॅमेऱ्यात तो एकाच वस्तूत मिळतो.

मात्र वर सांगितलेला लहान सेन्सर इथे आडवा येतो. सकाळी आठ-नऊनंतरच्या स्वच्छ उन्हात बसलेल्या पक्ष्याचा फोटो उत्तम येतो. गर्द झाडीत, पावसाळी आभाळाखाली किंवा उडत्या पक्ष्यासाठी हा कॅमेरा थकतो. पूर्ण झूमवर हात जरासा हलला तरी पक्षी चौकटीबाहेर जातो, त्यामुळे ट्रायपॉड किंवा एकपायी मोनोपॉड लागतो. पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्यासाठी ब्रिज कॅमेरा हा खरा मित्र आहे. लग्नाचे काम करणाऱ्यासाठी तो नाही.

लेन्स: ज्याचा हिशेब आधी करावा

डीएसएलआर आणि मिररलेस यांच्यासोबत बहुधा 18–55 किंवा 16–50 मिलिमीटरची लेन्स येते. तिला किट लेन्स म्हणतात. माळशेजचे धबधबे, भातलावणी, यात्रेतली गर्दी आणि गावातले घोळके यांसाठी ती पुरते. पण तिचे दार फार उघडत नाही. लेन्सच्या या दाराला ॲपर्चर म्हणतात आणि एफ हा अंक जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. किट लेन्स 55 मिलिमीटरवर एफ/5.6 इतकीच उघडते. कॅननची 50 मिलिमीटर एफ/1.8 किंवा निकॉनची 35 मिलिमीटर एफ/1.8 ही छोटी लेन्स तिच्या जवळजवळ दहा पट उजेड आत घेते. हळदीच्या रात्री ज्या दृश्याला किट लेन्सवर शटर 1/15 सेकंद ठेवावे लागते आणि नाचणारी माणसे पुसट होतात, तिथे एफ/1.8च्या लेन्सवर 1/125 सेकंद मिळतो आणि चेहरे ठसठशीत येतात. अशा लेन्सचा झूम नसतो, पुढे-मागे चालून चौकट जमवावी लागते. नवशिक्यासाठी तो चांगला सराव आहे.

पक्ष्यांसाठी दुसरी लेन्स लागते. एपीएस-सी सेन्सरमुळे लेन्सचा पल्ला कॅननमध्ये 1.6 पट आणि निकॉन-सोनीमध्ये 1.5 पट वाढल्यासारखा भासतो. म्हणजे कॅननची 55–250 लेन्स 400 मिलिमीटरएवढी, निकॉनची 70–300 लेन्स 450 मिलिमीटरएवढी दिसते. ओढ्याकाठचा खंड्या, तारेवरचा कोतवाल यांना ती पुरते. झाडाच्या शेंड्यावरच्या धनेशाला थोडी कमी पडते.

लेन्सची निवड पुढे किती मोकळी राहील, हेही आजच पाहावे. सोनीच्या मिररलेससाठी सिग्मा, टॅमरॉन अशा इतर कंपन्यांच्या लेन्स बऱ्याच वर्षांपासून मिळतात. कॅननने एप्रिल 2024मध्ये एपीएस-सी मिररलेससाठी सिग्मा आणि टॅमरॉनना मोकळीक दिली, त्यामुळे आर50 आणि आर100 यांना स्वस्त, चांगल्या लेन्सचा रस्ता उघडला. कॅननच्या जुन्या डीएसएलआर लेन्सही एका जोडणीच्या मदतीने या कॅमेऱ्यांवर चालतात.

एकूण खर्च आणि सेकंडहँड

या वर्गातील कॅमेरा आणि किट लेन्सचा संच साधारण 40 ते 80 हजारांच्या टप्प्यात येतो. सर्वांत खाली साधा डीएसएलआर आणि वरच्या टोकाला आर50सारखा मिररलेस. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी 1 जानेवारी 2019पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. दुकानदार बिलाविना स्वस्त देतो म्हणाला तर दुरुस्तीच्या वेळी वॉरंटी मिळत नाही. देशी वॉरंटीचे कार्ड आणि नाव लिहिलेले बिल घ्यावेच.

कॅमेऱ्याच्या किमतीत बॅग, 64 जीबीचे कार्ड, जादा बॅटरी आणि ओल रोखणारा डबा मिळवला की काही हजार रुपये वाढतात. 24 मेगापिक्सेलचा साधा जेपेग फोटो साधारण 8 ते 10 एमबीचा आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली कच्ची नोंद, 25 ते 30 एमबीची असते. एका 64 जीबी कार्डात रॉ फाइल सुमारे दोन हजार बसतात. कार्ड नेहमी खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे. नावाजलेल्या कंपन्यांची नकली कार्डे बाजारात भरपूर आहेत आणि ती अर्ध्यावर दगा देतात. रॉ फाइल वापरायच्या असतील तर संगणक हवा. डार्कटेबल, रॉथेरपी, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल हे प्रोग्राम फुकट मिळतात. फक्त मोबाइलवर काम करणाऱ्याने जेपेगच ठेवावे.

सेकंडहँड घ्यायचा असेल तर मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार हा कॅमेऱ्यांचा जुना बाजार आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी किंवा कसाऱ्याहून लोकलने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून तिथे जाता येते. मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण गाठावे लागते. व्यवहार करण्याआधी पाच गोष्टी तपासाव्यात. पहिली, लेन्समध्ये टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का. दुसरी, ॲपर्चर एफ/16वर ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो घेतल्यास सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते का. तिसरी, लेन्सवर झाकण लावून लांब शटरचा फोटो घेतल्यास कायमचे रंगीत ठिपके दिसतात का. चौथी, शटर किती वेळा चालले आहे. नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांचे शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेले असतात. पाचवी, बॉडीवरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का. बॅटरी फुगलेली असेल तर ती बदलण्याचा खर्च भावात धरावा.

पावसाळा आणि बुरशी

नवशिक्यांसाठीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना पावसापासून पुरेसे संरक्षण नसते. जून ते सप्टेंबर या भागात धुवाधार पाऊस पडतो आणि माळशेजच्या धुक्यात तर पाऊस थांबला तरी हवाच ओली असते. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून, लेन्सच्या तोंडाशी रबर बांधून काम होते, पण पिशवीतच कॅमेरा तासन्‌तास ठेवू नये. आत घाम साचतो. गाडीच्या थंड हवेतून बाहेर आल्यावर लेन्सवर वाफ धरते. ती पुसण्याऐवजी कॅमेरा बॅगेतच ठेवून दहा-पंधरा मिनिटे बाहेरच्या हवेशी जुळू द्यावा.

खरा शत्रू बुरशी. हवेतील आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर फार काळ राहिली तर लेन्सच्या काचेवर ती वाढू लागते आणि एकदा खोल रुजली की स्वस्त लेन्सची दुरुस्ती परवडत नाही. उपाय साधा आहे. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असावा. सिलिका जेलचा रंग बदलला की ती तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. मात्र स्वयंपाकाचा तवा वापरू नये, कारण काही प्रकारच्या जेलमध्ये रंग दाखवण्यासाठी विषारी कोबाल्ट असते. कातडी किंवा कापडी बॅगेत कॅमेरा पावसाळाभर बंद ठेवणे हा बुरशीला आमंत्रण देण्याचा हमखास मार्ग आहे. महिन्यातून एक-दोनदा कॅमेरा वापरला तरी बुरशीचा धोका कमी होतो.

पहिल्या महिन्यांतली सेटिंगे

ऑटोवर काढलेले फोटो लवकर कंटाळवाणे होतात. त्यानंतरची चांगली पायरी म्हणजे ॲपर्चर आपण ठरवणारा मोड, कॅननवर 'एव्ही' आणि निकॉन-सोनीवर 'ए'. धुक्याचा किंवा पांढऱ्या धबधब्याचा फोटो कॅमेरा स्वतःहून राखाडी करतो, त्यासाठी एक्सपोजरची भरपाई अधिक एक ठेवावी. यात्रेतल्या काळ्या म्हशीचा फोटो उलट उगाच उजळतो, तिथे भरपाई उणे करावी. धबधब्याचे पाणी रेशमी दिसावे असे वाटत असेल तर ट्रायपॉडवर अर्धा ते एक सेकंद शटर ठेवावे, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि ॲपर्चर एफ/11 किंवा त्याहून बारीक. उडत्या पक्ष्याला 1/1000 सेकंद लागतो. घाटावरच्या अंधारात ताऱ्यांचा फोटो 18 मिलिमीटर लेन्सवर साधारण 18 सेकंदांत पूर्ण होतो. त्याहून जास्त वेळ ठेवल्यास तारे रेघोट्या ओढतात. काजव्यांसाठी 20 ते 30 सेकंदांचे बरेच फोटो काढून ते संगणकावर एकत्र करतात.

अभयारण्यात जाण्याआधी वनखात्याची परवानगी आणि कॅमेऱ्याचे शुल्क यांची चौकशी करावी. पक्ष्याच्या घरट्याजवळ जाणे, त्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावणे हे रानपिंगळ्यासारख्या विरळ पक्ष्याच्या बाबतीत तर अजिबात करू नये. धरणांच्या भिंतींवर छायाचित्रणाला बंदी असल्याचे फलक असतील तर ते पाळावेत. पाड्यावर माणसांचे फोटो काढताना आधी विचारावे आणि छापील प्रत पोचवण्याचा शब्द दिला तर तो पाळावा.

निवडीचा क्रम

पक्षी आणि केवळ पक्षी हवे असतील, तर पी950सारखा ब्रिज कॅमेरा. लग्न, हळद आणि लोकांचे फोटो यांतून थोडी कमाईही करायची असेल, तर सेकंडहँड 200डी मार्क टू किंवा नवा आर50, आणि दोघांसोबत 50 मिलिमीटर एफ/1.8 लेन्स. मुख्य काम व्हिडिओचे असेल, तर झेडव्ही-ई10 किंवा झेड30, आणि त्यासोबत बाहेरचा मायक्रोफोन. उन्हातही काम करायचे असेल, तर खिडकीमुळे पुन्हा आर50. पैसे अगदी मर्यादित असतील आणि शिकणे हाच हेतू असेल, तर तपासून घेतलेला जुना डी3500 किंवा 1500डी, आणि वाचलेल्या पैशांत दुसरी लेन्स. किल्ल्यांच्या वाटांवर, विशेषतः गोरखगडाच्या दगडी पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून तिथे जाणाऱ्याने वजनाचा रकाना आधी वाचावा. कोणताही पर्याय घेतला, तरी बजेटमधला निदान पाचवा हिस्सा लेन्स, बॅटरी आणि ओलीपासूनच्या संरक्षणासाठी राखून ठेवावा. बॉडी पाच-सहा वर्षांत जुनी होते, पण नीट जपलेली लेन्स दोन-तीन बॉडींना पुरते.